१२३ खुर्च्यांचा संसार

न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात, सातव्या अव्हेन्यू साउथवर, १७८ क्रमांकाला एक अरुंद दार आहे. दार उघडलं की समोर जिना, आणि पंधरा पायऱ्या उतरल्यावर तळघर. खोली त्रिकोणी, छत बुटकं, भिंतींवर वादकांचे फोटो. निमुळत्या टोकाला छोटा रंगमंच, रुंद टोकाला बार, मधे दाटीवाटीने मांडलेली टेबलं. १२३ माणसं मावतात. यापूर्वी इथे दारूबंदीच्या काळातला एक चोरटा गुत्ता होता. २२ फेब्रुवारी १९३५ला मॅक्स गॉर्डन नावाच्या बत्तिशीच्या आसपासच्या माणसाने तिथे ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ हा क्लब उघडला. पुण्यात तेव्हा प्रभातचा स्टुडिओ नुकता कुठे स्थिरावत होता. प्रभातच्या जागी आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. व्हॅनगार्ड मात्र आजही व्हॅनगार्डच आहे, त्याच पायऱ्यांखाली.

जॅझच्या क्लबांना दीर्घायुष्य लाभत नाही. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या टोपणनावावरून ज्याचं नाव ठेवलं तो मूळ बर्डलँड १९४९ला उघडला आणि १९६५ला बंद पडला. फाइव्ह स्पॉट गेला, हाफ नोट गेला. व्हिलेज गेट १९९४मध्ये, ब्रॅडलीज १९९६मध्ये मिटला. व्हॅनगार्डच्याच रस्त्यावरचा स्वीट बेसिल २००१मध्ये संपला आणि जॅझ स्टँडर्डला करोनाने २०२०मध्ये गिळलं. यांतल्या एकाही ठिकाणी वादकांची वानवा नव्हती. श्रोतेही जाणते होते. आणि बहुतेकांचे मुदपाकखाने व्हॅनगार्डपेक्षा कितीतरी चांगले होते, कारण व्हॅनगार्डच्या मुदपाकखान्यात गेली कित्येक वर्षं काही शिजतच नाही.

ते शिजत नाही, यातच या जागेचं बरंचसं गुपित आहे असं मला वाटतं. ज्या खोलीला किचन म्हणतात तीच मालकाची कचेरी आणि तीच वादकांची बसायची जागा. दोन खेळांच्या मधल्या वेळात पियानोवाला तिथे घाम पुसतो आणि बाजूला कुणीतरी रात्रीचा गल्ला मोजतं. पाहुण्याने तिकीट काढायचं, एक पेय घ्यायचं आणि गप्प बसून ऐकायचं. वाजवणं चालू असताना फोटो काढायचे नाहीत, फोनवर बोलायचं नाही. क्लब चालवणाऱ्या माणसाला पैसा दिसतो तो ताटात. संगीतावर कुणाचं पोट भरत नाही हे त्याला पहिल्याच महिन्यात कळतं. मग तो चार पदार्थ वाढवतो, सुऱ्याकाट्यांचा आवाज वाढतो, जेवणाऱ्याला गप्पा मारायच्या असतात, गप्पांवरून ऐकू जावं म्हणून वादकाचा आवाज वाढतो, आणि वर्षभरात वादक हॉटेलातली एक सजावट होऊन बसतो. मुंबईत मरीन ड्राइव्हवर ‘नॉट जस्ट जॅझ बाय द बे’ नावाची जागा होती. तिथे रोज गाणंबजावणं व्हायचं. नावातला ‘जॅझ’ पुढे गळून पडला आणि जागेचं नाव ‘पिझ्झा बाय द बे’ झालं. इतकं प्रामाणिक नामांतर क्वचितच पाहायला मिळतं.

हिशेब मांडून पाहू. रात्री दोन खेळ, आठचा आणि दहाचा. दोन्ही भरले तर २४६ माणसं. तिकीट समजा ४० डॉलरचं धरलं तर दाराशी जमणारी रक्कम ९,८४० डॉलर, आणि वरचे पेयांचे पैसे. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. त्यातून न्यूयॉर्कमधल्या जागेचा खर्च जायचा, दारूच्या परवान्याची फी, विमा, दारावरचा माणूस, बारवरचा माणूस, ध्वनिव्यवस्था सांभाळणारा, पियानो सुरात लावणारा, वाजवल्या जाणाऱ्या रचनांच्या हक्कांचे पैसे, कर, आणि मग चार-पाच वादकांची बिदागी. ती द्यायच्या दोन पद्धती असतात. एक, ठरलेली रक्कम: माणसं येवोत न येवोत, वादकाला ती मिळणार. दुसरी, दारावरच्या गल्ल्यातला वाटा. पहिल्या पद्धतीत पावसाळी रात्रीचा घाटा मालकाच्या डोक्यावर, दुसरीत वादकाच्या. बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा आकडा वर जाऊ शकत नाही. कितीही मोठा वादक आला, रस्त्यावर कितीही लांब रांग लागली तरी १२४वी खुर्ची ठेवायला जागा नाही. साधा दुकानदार अशा वेळी शेजारचा गाळा घेतो. १९८१ला न्यूयॉर्कमध्ये उघडलेल्या ब्लू नोट क्लबने तेच केलं. त्याच्या शाखा टोकियोपर्यंत पोचल्या. गॉर्डन कुटुंबाने व्हॅनगार्डची दुसरी शाखा काढली नाही.

मॅक्स गॉर्डनला जॅझचं वेड होतं म्हणून त्याने क्लब काढला, अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. आजच्या बेलारुसमधल्या एका गावात १९०३ साली जन्मलेला हा मुलगा अमेरिकेत ओरेगन राज्यात वाढला, रीड कॉलेजात शिकला आणि १९२६मध्ये कायदा शिकायला न्यूयॉर्कला आला. कायदा काही आठवड्यांतच सुटला. व्हिलेजमधल्या कवी-लेखकांच्या अड्ड्यांवर मात्र तो रमला आणि अशा मंडळींना बसायला जागा हवी म्हणून त्याने १९३४मध्ये चार्ल्स स्ट्रीटवर पहिला व्हॅनगार्ड थाटला. पोलिसांनी परवाना नाकारला. जागेला दोन दारं हवीत, दोन स्वच्छतागृहं हवीत, प्रार्थनास्थळापासून दोनशे फुटांचं अंतर हवं, असे नियम होते आणि यातलं काही जुळत नव्हतं. म्हणून हे तळघर. सुरुवातीला इथे कविता वाचल्या जायच्या आणि लोक कवींकडे नाणी फेकायचे. मग विनोदी प्रहसनं करणारी तरुण टोळी आली; त्यात पुढे ऑस्कर मिळवणारी जुडी हॉलिडे होती आणि त्यांच्यासोबत अधूनमधून पियानोवर बसणारा पोरगा म्हणजे लेनर्ड बर्नस्टाइन. लेडबेली आणि जॉश व्हाइट यांनी लोकगीतं गायली. १९४९च्या नाताळात पीट सीगरच्या ‘वीव्हर्स’ना थोड्या दिवसांसाठी बोलावलं, ते सहा महिने राहिले. जे चालेल ते लावायचं, हे मॅक्सचं धोरण. वाईट नाही त्यात. भाडं दर महिन्याला येतं.

आधुनिक जॅझ आलं ते एका बाईमुळे, आणि पहिल्या झटक्यात सपशेल आपटलं. लॉरेन नावाची नेवार्कची मुलगी ब्लू नोट रेकॉर्ड कंपनीचा संस्थापक आल्फ्रेड लायन याची बायको होती. कंपनीने थेलॉनिअस मंक या पियानोवादकाच्या रेकॉर्डी काढल्या होत्या आणि त्या कुणी घेत नव्हतं. लॉरेन त्या हाती घेऊन दुकानोदुकानी फिरत असे. १९४८च्या उन्हाळ्यात तिची मॅक्सशी गाठ पडली. तिने मंकला एक आठवडा लावायला त्याला राजी केलं. सप्टेंबरात मंक आला. तो वाजवत राहिला आणि खोली रिकामी राहिली. तू माझा धंदा बुडवतेस, असं मॅक्सने तिला सुनावलं. तिने त्याला सांगितलं की हा माणूस असामान्य आहे, थांबून बघा. पुढे लॉरेनने लायनशी काडीमोड घेतला आणि १९४९मध्ये मॅक्सशी लग्न केलं. मंकही कालांतराने याच खोलीत परत आला, आणि तेव्हा लोक रांगेत उभे होते.

मधल्या काळात मंकला न्यूयॉर्कच्या क्लबात वाजवताच येत नव्हतं, याचं कारण मात्र श्रोते नव्हते. १९४० ते १९६७ या काळात दारू विकणाऱ्या जागी वाजवायचं तर वादकाला पोलिसांकडून एक कार्ड घ्यावं लागे. बोटांचे ठसे द्यावे लागत. अमली पदार्थांच्या प्रकरणात नाव आलं की कार्ड जप्त. गायिका बिली हॉलिडेचं १९४७ला गेलं, मंकचं १९५१ला, आणि त्याला ते परत मिळेपर्यंत १९५७ उजाडलं. शहराचा सगळ्यात मौलिक पियानोवादक सहा वर्षं शहरातच बेरोजगार. याखेरीज ज्या छोट्या जागांना कॅबरेचा परवाना नाही तिथे तीनहून जास्त वादक चालत नसत आणि तेही तंतुवाद्यं किंवा पियानोसारखी वाद्यं वाजवणारे. ड्रम आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोनना मज्जाव. हा नियम १९८०च्या दशकाच्या शेवटापर्यंत जिवंत होता आणि १९२६चा मूळ कॅबरे कायदा तर २०१७मध्ये रद्द झाला. जॅझची राजधानी म्हणवणाऱ्या शहराने जॅझवर इतकी वर्षं पोलीस नेमलेला होता.

१९५७मध्ये मॅक्सने व्हॅनगार्ड पूर्णपणे जॅझला वाहिला. टीव्ही घराघरांत पोचला होता, विनोदवीर तिकडे गेले होते, आणि तळघराला परवडतील असे राहिले होते ते जॅझवाले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला सॉनी रॉलिन्सने इथे सॅक्सोफोन वाजवला, सोबत फक्त बेस आणि ड्रम. ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यंत्रं घेऊन पायऱ्या उतरला होता. रेकॉर्ड काढणारी कंपनी ब्लू नोट, म्हणजे लॉरेनच्या पहिल्या नवऱ्याची. या घरात कुणी फार काळ रुसून बसत नसावं. व्हॅनगार्डमध्ये थेट मुद्रित झालेली ही पहिली रेकॉर्ड. त्यानंतर शंभराहून जास्त झाल्या. दहाएक वर्षांनी हाच रॉलिन्स सगळं सोडून मुंबईला आला आणि पवईच्या आश्रमात राहिला. आयआयटीच्या शेजारी जगातला एक थोर सॅक्सोफोनवादक वेदान्त शिकत होता, ही गोष्ट मुंबईकरांना अजून फारशी ठाऊक नाही.

या खोलीची सगळ्यात प्रसिद्ध दुपार २५ जून १९६१ची, रविवारची. बिल एव्हान्स पियानोवर, स्कॉट लाफारो बेसवर, पॉल मोशन ड्रमवर. दुपार-संध्याकाळ मिळून पाच बैठका मुद्रित झाल्या. पहिली रचना चालू असताना वीज गेली आणि टेप मधेच तुटली. तो तुटका तुकडाही आता संचात ऐकायला मिळतो. हे मुद्रण नीट कान देऊन ऐकलं की संगीतामागे ग्लास किणकिणतात, कुणीतरी हसतं, बोलणी चालू असतात. आज जे लोक देवघरात बसल्यासारखं ऐकतात ते त्या दिवशी समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी अर्ध्या कानाने ऐकलं. मला यात दुःख वाटत नाही. तिकीट काढून येणाऱ्या माणसाला गप्पा मारायचा हक्क होता, आणि त्या गप्पांच्या पैशांवरच ते तिघे त्या आठवड्यात वाजवत होते. अकरा दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेला. वय २५.

त्याच वर्षी नोव्हेंबरात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने चार रात्रींचं मुद्रण इथेच केलं. रविशंकरांच्या रेकॉर्डी त्याने कान लावून ऐकल्या होत्या. या रात्रींत वाजवलेल्या एका लांबलचक रचनेचं नाव त्याने ‘इंडिया’ ठेवलं. एकाच स्वरावर ठाण मांडून वर चढत जाणारी. सोबत तंबोऱ्याची गुणगुण आणायचा प्रयत्नही होता. अमेरिकेतल्या एका समीक्षकाने याच सुमारास कोल्ट्रेनच्या या वाजवण्याला जॅझविरोधी ठरवलं. कोल्ट्रेनने १९६५मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव रवी ठेवलं. तो मुलगाही सॅक्सोफोनवादक झाला आणि व्हॅनगार्डमध्ये वाजवू लागला.

आता या सगळ्यामागची व्यवस्था पाहा, कारण क्लब चालवणाऱ्याचं खरं कर्तृत्व तिथे आहे. व्हॅनगार्ड एका वादकाला एका रात्रीसाठी बोलावत नाही. मंगळवार ते रविवार, सलग सहा रात्री, रोज दोन खेळ: एकाच खोलीत, त्याच साथीदारांबरोबर बारा वेळा. मंगळवारी वादक एकमेकांना चाचपत असतात. गुरुवारपर्यंत ज्या जागा अडत होत्या त्या सुटतात. रविवारी रात्री ते अशा ठिकाणी पोचतात जिथे मंगळवारी पोचायची त्यांना कल्पनाही नसते. आपल्याकडच्या कलाकाराला महिन्यात चार शहरांत चार कार्यक्रम मिळतात, दरवेळी नवा हॉल आणि नवा ध्वनियंत्रणावाला. सलग सहा रात्री एकाच बैठकीला बसायची चैन आपल्या किती गवयांना मिळाली? मालकाच्या बाजूने ही चैन महाग आहे. दुसऱ्या क्लबांनी एका-दोन रात्रींचे करार करून रोज नवं नाव पाटीवर लावलं, कारण नवं नाव नवी गर्दी आणतं. व्हॅनगार्डने मंगळवारच्या रिकाम्या खुर्च्या पत्करल्या.

सोमवारची गोष्ट वेगळी. सोमवारी धंदा मंद, म्हणून ट्रम्पेटवादक थॅड जोन्स आणि ड्रमवादक मेल लुईस यांनी मॅक्सकडे तो वार मागितला. दिवसभर स्टुडिओत जाहिराती आणि गाण्यांसाठी वाजवणाऱ्या वादकांना रात्री मनासारखं वाजवायला जागा हवी होती. ७ फेब्रुवारी १९६६च्या सोमवारी १२३ खुर्च्यांच्या तळघरात सतरा-अठरा वादकांचा ताफा शिरला. बोलणं काही आठवड्यांचं होतं. जोन्स पुढे डेन्मार्कला निघून गेला, लुईस १९९०मध्ये वारला, मॅक्स त्याआधीच गेला होता. सोमवारचा वाद्यवृंद ‘व्हॅनगार्ड जॅझ ऑर्केस्ट्रा’ या नावाने अजून दर सोमवारी वाजवतो.

मॅक्स ११ मे १९८९ला, ८६व्या वर्षी गेला. लॉरेनने एक रात्र दार बंद ठेवलं आणि दुसऱ्या रात्री उघडलं. तोपर्यंत तिचा क्लबच्या हिशेबाशी संबंध नव्हता. ती अण्वस्त्रविरोधी आणि युद्धविरोधी चळवळीतली बाई. १९६५मध्ये व्हिएतनाम युद्ध पेटलेलं असताना ही थेट हॅनोईला जाऊन आली होती. अशी बाई दारूच्या पुरवठादाराला आणि वेळ न पाळणाऱ्या वादकाला घाबरेल हे शक्य नव्हतं. क्लबचा फोन ती स्वतः उचलायची आणि मोजकं बोलायची. ज्याचं वाजवणं तिला आवडत नाही तो कितीही नावाजलेला असो, तिच्याकडे त्याला आठवडा मिळत नसे. क्रेडिट कार्ड या खोलीत फार उशिरा आलं. २०१३मध्ये अमेरिकन सरकारच्या कलासंस्थेने तिला ‘जॅझ मास्टर’ हा किताब दिला. आयुष्यात एकही वाद्य न वाजवलेल्या बाईला हा मान मिळाला, हे मला अगदी रास्त वाटतं. ती २०१८मध्ये, ९५व्या वर्षी गेली. आता मुलगी डेबोरा गॉर्डन क्लब पाहते.

ज्या वर्षी मॅक्स तळघरात उतरला त्याच १९३५ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन अॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन आला. त्याच्यामागून आणखी अमेरिकन आले आणि त्यांच्याकडून गोव्याच्या पोरांनी ही विद्या उचलली. त्यांना चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकवलेलंच होतं. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ताजमध्ये ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवू लागला. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्याला फिल्मी संगीतात ओढलं. १९५१च्या ‘अलबेला’त भगवानदादा नाचतात तेव्हा पडद्यावर मागे चिक चॉकलेटचाच ताफा आहे. म्हणजे मराठी माणसाने जॅझ ऐकलेलं आहे, फक्त ते जॅझ आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही. दारूबंदीने हॉटेलांतली रात्र मंदावली आणि ही सगळी मंडळी स्टुडिओत गेली. न्यूयॉर्कच्या स्टुडिओवादकांना सोमवारी उतरायला एक तळघर होतं. मुंबईच्या स्टुडिओवादकांना तसं कुणी ठेवलं नाही, आणि त्यांचं स्वतःचं असं वाजवणं बहुतांशी मुद्रित न होताच गेलं.

मुंबईत गर्दी नव्हती असं म्हणता येणार नाही. निरंजन झवेरींच्या प्रयत्नांतून १९७८मध्ये सुरू झालेल्या जॅझ यात्रेला रंगभवनात लोक यायचे. पहिल्याच वर्षी रॉलिन्स येऊन वाजवून गेला. पण महोत्सव म्हणजे वर्षातून काही रात्री. रंगभवन पुढे ध्वनिनियमांत अडकून मुकं झालं. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७मध्ये उघडलेला ब्लू फ्रॉग देखणा होता, ध्वनिव्यवस्था अव्वल होती. २०१६ला तोही बंद. परवाने, दारूवरचे कर, गिरणगावातली भाडी ही कारणं खरीच आहेत. परवान्यांच्या जाचाबद्दल बोलताना मात्र कमला मिल विसरू नये: २९ डिसेंबर २०१७ला त्याच परिसरातल्या आगीत १४ माणसं गेली. दोन दारांचा नियम १९३४मध्ये मॅक्स गॉर्डनला छळवाद वाटला असेल, तळघरात मात्र तो हवाच. माझी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे अशा जागांत पैसा ओततात ती माणसं शोभिवंत जागा बांधतात, तीन वर्षांत परतावा मागतात, आणि तो येत नाही म्हटल्यावर दुसऱ्या धंद्याकडे वळतात. रोज रात्री जिवंत संगीत आणि त्यावर जगणारी माणसं, हे महाराष्ट्राला नवं नाही. चौफुल्याच्या किंवा मोडनिंबच्या संगीत बारीच्या थिएटरांत हेच चालत आलं आहे. मालकाची जागा, पार्ट्यांची कला, आलेल्या पैशांत वाटणी. तिथल्या अर्थकारणात खूप काही वाईट आहे, पण रोज दिवा लागतो आणि पेटी-तबला रोज वाजतो. रोज वाजल्याशिवाय हात तयार होत नाही, हे तिथल्या ढोलकीवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

मार्च २०२०मध्ये व्हॅनगार्डचं दार बंद झालं. जूनपासून रिकाम्या खोलीतून इंटरनेटवर प्रक्षेपण सुरू केलं. तिकिटाचे पैसे येत होते, वादकांना काम मिळत होतं, पण भाडं त्यावर निघण्यासारखं नव्हतं. वर्षअखेरीस अमेरिकन संसदेने बंद पडलेल्या रंगभूमी आणि क्लबांसाठी १५ अब्ज डॉलरची मदत मंजूर केली. त्याशिवाय आणखी किती पाट्या उतरल्या असत्या याचा अंदाज करवत नाही. सप्टेंबर २०२१मध्ये माणसं पुन्हा पायऱ्या उतरली. शेजारच्या दहाव्या रस्त्यावरच्या ‘स्मॉल्स’ नावाच्या चिमुकल्या क्लबने वेगळी वाट काढली: त्यांनी ना-नफा संस्था स्थापून देणग्यांचा आधार घेतला. पुढच्या काळात छोट्या क्लबांपैकी बऱ्याच जणांना हाच रस्ता धरावा लागेल असं दिसतं. पुण्या-मुंबईत कुणी असं काही करू पाहत असेल तर त्याने सजावटकाराआधी एखादा न्यास नोंदवणारा वकील गाठावा.

आता एक व्यावहारिक सूचना. दिवाळी अंक वाचणाऱ्या घरांतलं कुणी ना कुणी न्यू जर्सीत असतंच. त्यांच्याकडे गेलात तर स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यानंतरची एक रात्र मोकळी ठेवा. जर्सी सिटीच्या जर्नल स्क्वेअरहून मॅनहॅटनच्या तेहतिसाव्या रस्त्याकडे जाणारी पाथ गाडी पकडा, क्रिस्टोफर स्ट्रीटला किंवा नवव्या रस्त्याला उतरा, तिथून थोडंसं चालायचं आहे. तिकीट आधी काढून ठेवा. शनिवार सोडा, रविवारचा रात्री दहाचा खेळ घ्या, त्या आठवड्याचं सगळ्यात पिकलेलं वाजवणं तेव्हा ऐकायला मिळतं. आणि जेवून जा, खाली पेयाखेरीज काही मिळत नाही.